शनिवारची गाडी

पत्र

ताई, मी तळोद्याची, जिल्हा नंदुरबार. दहावीपर्यंत मराठी शाळा. अकरावी-बारावी सायन्सची पुस्तकं इंग्रजी होती, पण सर समजावायचे मराठीतूनच. बारावीला ८४ टक्के पडले आणि बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी.ला नंबर लागला. केमिस्ट्री घेतलं. गावात सगळ्यांनी कौतुक केलं. आता तीन महिने झालेत आणि मला इथे एक क्षण थांबावंसं वाटत नाही. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही तिघी. त्या दोघी मेहसाण्याकडच्या. आपसात गुजरातीत बोलतात, मी आले की हिंदीत बोलायला लागतात आणि मग थोड्या वेळाने बोलणंच थांबतं. मेसमध्ये डाळीतसुद्धा गूळ. पहिल्या इंटर्नल परीक्षेला २० पैकी ९ पडले. इतके कमी मला कधीच पडले नव्हते. प्रॅक्टिकलला ब्युरेटवर (मापाच्या काचनळीवर) फनेल तसंच राहिलं म्हणून मॅडम सगळ्या बॅचसमोर बोलल्या. दर शनिवारी दुपारी गाडी पकडून घरी जाते, सोमवारी पहाटे निघते. पाच तास जायला, पाच तास यायला. रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो. शाळेतली मैत्रीण पुण्याला आहे, तिचं स्टेटस बघितलं की वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. आईला रोज फोन करते, रडू येतं. आई म्हणते, नसेल जमत तर परत ये, नंदुरबारला घालू. बाबा काहीच बोलत नाहीत. दिवाळीला घरी गेले की परत यायचंच नाही असं मनात आहे. सोडू का?

उत्तर

आधी उत्तर देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. सोडू नकोस, निदान दिवाळीला तरी नाही. आणि शनिवारची गाडी बंद कर. हे दुसरं पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे, आणि तेच तुला जास्त जड जाणार आहे हेही मला ठाऊक आहे.

तू मला ताई म्हटलंस. वयाने मी तुझी आजी शोभेन, पण असू दे. माझा जन्म दांडिया बाजारातला, आमची बडोद्यातली ही चौथी पिढी. म्हणजे ‘बडोदं फार छान आहे गं, रमशील हळूहळू’ असं सांगायला मी अगदी योग्य बाई. पण तसं सांगणार नाही, कारण तुझ्या वयाची असताना मी स्वतः कॉलेज सोडून पळून आले होते.

१९७९ साल. मुलीला मराठी घेऊन बी.ए. करायचंय तर पुण्यालाच जाऊ दे, असं वडिलांच्या मनाने घेतलं. आम्हा बडोद्याच्या मराठी घरांत पुण्याचा एक दबदबा असायचा. पुण्याहून पाहुणे आले की आम्ही जरा जपून बोलायचो. तिथल्या मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात मी वाढणाऱ्या मावशींना म्हणाले, ‘अजून एक वाटकी आमटी द्या ना.’ टेबलावर आधी शांतता, मग हशा. वाटीला वाटकी म्हणणं गुजरातीतून आमच्या घरात आलंय, हे मला तोवर माहीतही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून माझं नावच ‘वाटकी’ पडलं. कुणी वाईट मनाने म्हणत नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा मी बोलणं कमी केलं. काही बोलायचं तर आधी मनात वाक्य तपासून घ्यायचे, तोवर विषय पुढे गेलेला असायचा. तुझ्या खोलीत हिंदीचं जे होतंय ना, तेच. आणि माझी तर भाषाही तीच होती, मराठी.

दर पंधरा दिवसांनी मी दादरला गाडी बदलून बडोद्याला यायचे. ज्या रविवारी येणं व्हायचं नाही तो रविवार खोलीत पांघरूण घेऊन, पुढच्या गाडीला किती दिवस राहिले ते मोजण्यात जायचा. डिसेंबरात आले ती परत गेलेच नाही. इथे बी.ए. झाले, ग्रंथालयशास्त्र केलं, नोकरी लागली, लग्न झालं, सगळं रीतसर झालं. तेव्हा कॉलेज सोडलं की आयुष्याचं वाटोळं होतं अशी भीती मी तुला घालणार नाही. होत नाही तसं. फक्त एक गोष्ट मनात राहिली. मला पुणं मानवलं नाही असं मी चाळीस वर्षं चारचौघांत सांगत आले, आणि खरं म्हणजे मी पुणं पाहिलंच नव्हतं. वसतिगृह, वर्ग आणि स्टेशन, एवढंच पाहिलं होतं.

नोकरीची एकतीस वर्षं मी एका ग्रंथालयात काढली, त्यातली बरीचशी अभ्यासिकेच्या टेबलाशी. आमच्या अभ्यासिकेत दप्तर आत नेता यायचं. दर वर्षी जून-जुलैत पहिल्या वर्षाची मुलं यायची आणि मी त्यांना दप्तरावरून ओळखायचे. नवीन मूल दाराजवळच्या टेबलाशी बसतं आणि दप्तर मांडीवर ठेवतं, जणू पुढच्या स्टेशनला उतरायचंय. ऑगस्टच्या सुमाराला दप्तर खाली पायाशी जातं. काहींचं शेजारच्या खुर्चीवर जातं, आणि कुणी बसायला आलं की म्हणतात, इथे माझी मैत्रीण यायचीय. मग मला त्यांच्याकडे लक्ष द्यावं लागत नसे, उलट ‘हळू बोला’ म्हणून ओरडावं लागे.

एक मुलगी मात्र सप्टेंबर सरला तरी दप्तर मांडीवर घेऊनच बसायची. रोज तीच जागा, चार ते सहा. समोर एक हडकुळा मुलगा बसायचा, तोही रोज. दोघं एक शब्द बोलत नसत. मग ती चार-पाच दिवस आलीच नाही. आली तेव्हा ताप येऊन गेलेला चेहरा. त्या मुलाने पुस्तकातून मान वर केली आणि विचारलं, ‘केम नहोती आवती?’ का येत नव्हतीस. एवढंच. ती काय म्हणाली मला ऐकू आलं नाही. पण दप्तर खाली ठेवताना मी पाहिलं. (लगेच पुढची गोष्ट डोक्यात आणू नकोस, तसं काही झालं नाही. त्याला तिच्या नोट्स हव्या असायच्या.)

म्हणून मी तुला ‘रमलीस का’ असं विचारणारच नाही. त्या प्रश्नाला पहिल्या वर्षी कुणालाच खरं उत्तर देता येत नाही. मी विचारते ते असं, की तू एक दिवस दिसली नाहीस तर या शहरात कुणाच्या लक्षात येईल का? तुझ्या पत्रावरून तरी आज उत्तर ‘नाही’ असं दिसतं. दोन ठिकाणं अशी झाली पाहिजेत, जिथे न गेल्यावर कुणीतरी म्हणेल, ‘काल कुठे होतीस?’ दोन पुरेत. त्यासाठी गोड बोलावं लागत नाही, स्वभाव बदलावा लागत नाही. फक्त त्याच वेळेला, त्याच जागी, पुन्हा पुन्हा जावं लागतं.

हे मी नुसतं काउंटरवरच्या बाईचं शहाणपण सांगत नाहीये. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठात मोरलँड आणि बीच या दोघांनी एक प्रयोग केला होता, १९९२ साली तो प्रसिद्ध झाला. दिसायला साधारण सारख्या चार तरुणी घेतल्या. एका मोठ्या वर्गात एक जण एकदाही गेली नाही, दुसरी ५ तासांना जाऊन बसली, तिसरी १० आणि चौथी १५. कुणाशी बोलायचं नाही, यायचं, बसायचं, जायचं. सत्राच्या शेवटी वर्गातल्या मुलांना चौघींची चित्रं दाखवून मत विचारलं. जी जितक्या जास्त वेळा येऊन बसली होती, ती तितकी जास्त आवडली. तोंड न उघडता! आपल्यासारख्या लाजऱ्यांना याहून सोयीचं संशोधन मिळायचं नाही.

आता शनिवारच्या गाडीचा हिशेब करू. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी मैत्री व्हायला किती तास लागतात ते मोजायचा प्रयत्न केला. २०१८ साली त्यांनी लिहिलं ते असं: नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास, खरी मैत्री म्हणावी इतपत व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २००च्या वर. त्यातही एकत्र काम करण्यात गेलेले तास फारसे कामाला येत नाहीत, रिकामटेकडेपणाचे येतात. तू सोमवार ते शुक्रवार काय करतेस? लेक्चर, प्रॅक्टिकल, जर्नल, कपडे, मेस. रिकामटेकडेपणा असतो तो शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी. वेणी घालता घालता, मॅगी करता करता, कुणाच्या तरी भावाच्या लग्नाचे फोटो बघता बघता. जूनच्या शेवटापासून बारा शनिवार-रविवार तरी झाले. प्रत्येकात जागेपणीचे पंधरा तास धर. १८० तास झाले. त्या मेहसाण्याच्या दोघींनी हे १८० तास एकमेकींबरोबर काढलेत आणि तू बसच्या खिडकीशी आणि घरी. त्या तुला वगळत नाहीयेत गं. त्या १८० तास पुढे आहेत, इतकंच.

आणि मेहसाणाही काही शेजारी नाही. त्यांनाही घर आठवत असणार. एक गंमत सांगते. मेहसाण्याकडे पाण्याला ‘पाणी’ म्हणत नाहीत, ‘पोणी’ म्हणतात, आणि त्यावरून बाकीचे गुजराती त्यांना हमखास चिडवतात. तुझ्या खोलीतल्या दोघी बडोद्यात आल्यावर एकदा तरी ‘पोणी’ म्हणाल्या असतील आणि वर्गात कुणीतरी खिदळलं असेल. माझ्या वाटकीचा किस्सा त्यांना सांग आणि मग विचार, तुमचं असं काही झालं का? बघ किती वेळ बोलतात ते.

भाषेचं एक काम आजच करून टाक. त्या दोघींना सांग, ‘तमे गुजरातीमां ज बोलो, हुं समजीश.’ तुम्ही गुजरातीतच बोला, मी समजून घेईन. त्या हिंदीत बोलतात तो त्यांचा चांगुलपणा, पण परक्या भाषेत कुणी फार वेळ गप्पा मारत नाही. म्हणून तर बोलणं थांबतं. तळोदा गुजरातच्या हद्दीला लागून, तुझ्या कानाला गुजराती मुळीच नवी नसणार. पहिले पंधरा दिवस तू फक्त ऐक आणि हसण्याच्या ठिकाणी हस. नंतर मोडकंतोडकं बोल. बडोद्यात गुजराती चुकलं म्हणून कुणी हिणवत नाही. इथल्या मराठी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषा बिघडवून ठेवल्यात, लोकांना सवय आहे.

इथे तुला कुणी ना कुणी सयाजीरावांची गोष्ट ऐकवेलच. मालेगावकडच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा, १८७५ साली बाराव्या वर्षी दत्तक म्हणून बडोद्यात आला तेव्हा अक्षरओळखही नव्हती, आणि मग मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी चारी भाषा शिकला. गोष्ट खरी आहे आणि मला फार आवडते. पण ती ऐकून स्वतःला कमी समजू नकोस. त्यांना शिकवायला एलियटसाहेब होते. तुला तिघींत एक टेबल आहे.

दोन ठिकाणांपैकी एक खोली झाली. दुसरं बाहेर शोध. मी तुझ्या जागी असते तर सेवउसळीची गाडी निवडली असती. बडोद्यात आल्यापासून खाल्लीस की नाही? मेसच्या गुळावर तोच उतारा आहे. उसळ शब्द आपला, वरची शेव त्यांची, आणि वर ओतायची तिखट तरी अशी की खान्देशच्या माणसालाही नाक पुसावं लागतं. वाटाण्याची गरम उसळ, त्यावर शेव, बारीक चिरलेली कांद्याची पात, बाजूला पाव आणि तरीचं वेगळं भांडं. तरी हवी तेवढी घ्यायची. विद्यापीठाच्या आसपास, सयाजीगंज-फतेगंजाकडे, गाड्यांना तोटा नाही. एक गाडी ठरव आणि दर बुधवारी साडेपाचला तिथेच जा. तीन-चार बुधवारांनी तो काका न विचारता तरीचं भांडं तुझ्याकडे सरकवेल. हसू नकोस, याला फार किंमत आहे. परक्या गावात आपल्याला तिखट लागतं हे कुणालातरी माहीत असणं!

आणि घरून ठेचा आणतेस ना? तळोद्याची मुलगी, आणत असणारच. तो कपाटात लपवून एकटी खात असशील तर बंद कर. बरणी मेसच्या टेबलावर मध्यभागी ठेव. गोड डाळीला कंटाळलेली तू एकटीच आहेस असं वाटतं का तुला? दोन दिवसांत बरणी संपेल आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारेल, फरी क्यारे लावीश? पुन्हा कधी आणशील?

हे छापून येईल तेव्हा नवरात्र तोंडावर असेल. बडोद्यात पहिल्या वर्षाला आलेल्या मुलीसाठी यापेक्षा चांगला मुहूर्त नाही, आणि तू नेमकी याच दिवसांत घरी पळशील अशी मला धास्ती आहे. वसतिगृहाच्या व्हरांड्यात आत्तापासूनच रात्री मुली गरब्याचं दोढियुं घटवत असतील. तू दाराआडून बघत असशील. बाहेर ये, शेवटच्या रांगेत उभी राहा, पाय चुकू देत. मैदानावर हजारो माणसं गोल फिरत असतात, कुणाला तुझे पाय बघायला फुरसत नसते. चणिया-चोळी भाड्याने मिळते. गाडीभाड्याचे पैसे वाचतीलच. नऊ रात्री, रोज तीन तास, म्हणजे २७. रात्री परत येताना चपला हातात घेऊन चालत मारलेल्या गप्पा वेगळ्या. पन्नासला पोचलीसच समज.

आता त्या ९ मार्कांकडे येऊ. तू सोमवारी पहाटे निघतेस आणि पाच तासांनी पोचतेस. म्हणजे सोमवारची सकाळची लेक्चर्स तीन महिने बुडाली. ९ कुठल्या विषयात पडले ते तू लिहिलं नाहीस. वेळापत्रक काढ आणि बघ सोमवारी सकाळी कुठला विषय असतो ते. मी पैज लावत नाही, पण बघ.

बाकी, बारावीपर्यंत सर इंग्रजी धडा मराठीत फोडून द्यायचे, काय महत्त्वाचं तेही सांगायचे, आपण पाठ करायचं. इथे शिकवणं इंग्रजीतून, समोर शंभर मुलं, आणि फोडायचं काम तुझ्यावर आलंय. ते करायला तुला कुणी शिकवलेलं नाही. त्यात तुझ्या डोक्याचा दोष नाही. एक साधी रीत सांगते. ज्या दिवशी लेक्चर झालं त्याच रात्री वही बंद करायची आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. मराठीत लिही, फक्त संज्ञा इंग्रजी ठेव. मग वही उघडून काय सुटलं ते लाल पेनाने भर. वीस मिनिटं, जास्त नको. नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवून लिहिलेलं जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रयोग करून दाखवलंय. त्यात एक खाचही आहे. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणाराच पुढे असतो, आठवड्याने घेतली तर लिहिणारा. म्हणजे रात्री वाचून ‘आलं मला सगळं’ असं वाटतं ते वाटणं फसवं असतं. परीक्षेच्या आठवडाभर आधीपर्यंत ही लाल पेनाची पानं साठली की उजळणी त्यांचीच कर.

इंग्रजीसाठी वेगळा क्लास लावू नकोस. केमिस्ट्रीचं इंग्रजी म्हणजे दोनशे-तीनशे शब्द आणि त्याच त्या वाक्यांची फिरवाफिरव. दिवाळीपर्यंत येईल. आणि त्या इंटर्नलचा पेपर घेऊन सरांकडे जा. ‘सर, इथे मार्क का गेले?’ एवढंच विचार, हिंदीत विचारलंस तरी चालेल. पहिल्या वर्षाची मुलं स्टाफरूमच्या दारापर्यंत येतात आणि परत फिरतात. आत गेलेल्याचा चेहरा शिक्षकाच्या लक्षात राहतो.

फनेलचं मी माझ्या भाचीला विचारलं, तिने केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय. ती म्हणाली, ‘मावशी, हे प्रत्येकाचं एकदा होतं.’ फनेलच्या टोकाला थेंब लटकत राहतो, टायट्रेशन, म्हणजे नळीतून थेंब थेंब मोजून सोडणं, चालू असताना तो आत पडला की ब्युरेटचं रीडिंग बिघडतं आणि शेवटी आकडे जुळत नाहीत. मॅडम बोलल्या त्या त्या थेंबाबद्दल. बॅचमधल्या बाकीच्यांनी त्या क्षणी काय केलं असेल माहितीये? खाली मान घालून स्वतःचं फनेल काढलं असेल.

आईच्या फोनबद्दल जरा कडक बोलते. तू रडतेस, मोकळी होतेस आणि झोपतेस. आई रात्रभर जागी राहते. सकाळी उठून तुला आठवतही नाही की काल काय एवढं झालं होतं, आणि तिकडे ती देवापुढे बसून नंदुरबारच्या कॉलेजची फी किती याचा विचार करत असते. ‘परत ये’ हे ती तुझं रडणं ऐकून म्हणते, तुझं बडोदं बघून नाही. फोन रोज कर, पण वेळ बदल. संध्याकाळी पाच ते सात नको, तेव्हाच तर वसतिगृह जागं असतं. जेवणानंतर पंधरा मिनिटं. आणि दिवसातली एक तरी गोष्ट अशी सांग की जिच्यात तू रडत नाहीस: आज लायब्ररीत गेले, आज डाळ जरा बरी होती, आज मेहसाणावालीने माझा ठेचा खाल्ला आणि पळत पाणी प्यायला गेली. खोटं सांगू नकोस. सांगण्यासारखं काही घडावं म्हणून तू आपोआप खोलीबाहेर पडशील.

बाबा बोलत नाहीत याचा अर्थ तू लावू नकोस. विचार सरळ.

पुण्याच्या मैत्रिणीचं स्टेटस महिनाभर म्यूट कर आणि तिला एकदा फोन कर. बाकी त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

घरी कधी जायचं? महिन्यातून एकदा. आणि इथे बडोद्यात कुणी नातलग मराठी घर असेल, कारेलीबागेत नाही तर वाडीत, तर तिथेही महिन्यातून एकाच रविवारी जेवायला जा. त्यांची माया खरी असते, पण दर रविवारी गेलीस तर ते तळोद्याचंच दुसरं दार होईल. मराठी वाचावंसं वाटलं तर मात्र मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जा. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून आपल्या ग्रंथालयांची घडी बसवली, तेव्हाची ही संस्था. आत काचेच्या लाद्यांचे मजले आहेत, उजेड आरपार जातो. मराठी पुस्तकं भरपूर. परक्या गावात आपल्या भाषेतलं पुस्तक हातात घेऊन बसलं की पाय जमिनीला लागतात, हा माझा धंदेवाईक पक्षपात समज हवं तर.

सोडण्याचा विचार कधीच करू नये असं मी म्हणत नाही. विषयच नकोसा असेल, केमिस्ट्रीचं पुस्तक उघडवत नसेल, तर तो वेगळा प्रश्न आहे; पण तुझ्या पत्रात केमिस्ट्रीबद्दल एकही तक्रार नाही, मी दोनदा वाचून पाहिलं. घरी पैशाची ओढाताण असेल तर तेही कारण खरं. कुणी छळत असेल, रॅगिंग होत असेल, तर एक दिवसही सहन करू नकोस, १८००-१८०-५५२२ हा त्यासाठीचा देशभराचा क्रमांक आहे. आणि दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणंच नको वाटतं, असं कधी झालं तर माझ्या पत्राची वाट बघू नकोस. १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन कर, आपल्या भाषेत बोलता येतं, आणि त्याच दिवशी घरी सांग. अशा वेळी घरी जाण्यात काही चूक नाही.

या कॉलेजात येऊन शिक्षण अर्धवट सोडणारे थोरही झालेत. विनोबा इथल्याच बडोदा कॉलेजचे विद्यार्थी. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाले, सुरतेला उतरले आणि काशीच्या गाडीत बसले. आमच्याकडे कुणी मुलगा अभ्यास टाळायला लागला की हमखास हे उदाहरण द्यायचा, आणि त्याची आजी म्हणायची, त्यांना काशीला जायचं होतं, तुला कुठे जायचंय ते सांग आधी. तुलाही मी तेवढंच विचारते. नंदुरबारचं कॉलेज वाईट आहे म्हणून नव्हे. तिथे काय करायचंय हे तुला ठाऊक असेल, तर जा. नुसतं इथून निघायचं असेल, तर फेब्रुवारीपर्यंत थांब. तोवर दुसरं सत्र अर्ध्यावर आलेलं असेल, पहिल्या सत्राचे क्रेडिट तुझ्या खात्यात जमा झालेले असतील आणि तुला हे गाव थोडंतरी माहीत झालेलं असेल. तेव्हाही सोडावंसं वाटलं तर दिवसाउजेडी, पोटभर जेवून, बाबांसमोर बसून ठरव. सोमवारी पहाटे बसमध्ये नको. मी माझं ठरवलं ते दादरच्या फलाटावर, रात्री साडेदहाला, भुकेल्या पोटी.

येत्या शनिवारी दुपारी दोन वाजता तुझे हात सवयीने बॅग भरायला घेतील. फार बेचैन होशील. त्या वेळी खोलीतल्या दोघींना विचार, संध्याकाळी कुठे जायचं? त्या म्हणतील कमाटीबाग, नाही तर नुसत्याच सुरसागरच्या काठाला बसायला जातील. तू पण जा, तिथे काही बोलली नाहीस तरी चालेल.

मंगळवारी तुझं प्रॅक्टिकल आहे असं पाकिटाच्या मागच्या बाजूला तूच पेन्सिलीने लिहून ठेवलंयस, बहुतेक आठवण राहावी म्हणून, आणि तसंच मला पाठवून दिलंस. तर मंगळवारी ब्युरेट भरून झाली की आधी फनेल काढ. शेजारच्या मुलीचं राहिलं असेल तर तिला हळूच सांग.